बाल्टिक अंबरच्या सहा तुकड्यांचा सेट, आत किडे: चार महिने तपासून मग लिहिलेला रिव्ह्यू

ऑर्डर टाकलेली मार्चमध्ये, पार्सल हातात पडलं तेविसाव्या दिवशी, आणि रिव्ह्यू लिहायला बसलेय आत्ता जुलैत. मुद्दाम थांबले. अंबर, म्हणजे झाडाची कोट्यवधी वर्षं जमिनीत राहून कडक झालेली राळ, हातात आल्या आल्या सगळेच पाच स्टार देऊन मोकळे होतात, कारण तो मधासारखा रंग आणि आत अडकलेला एवढासा जीव बघितला की माणूस हरखतोच, मी पण हरखलेले. पण खरं काय खोटं काय ते त्या दिवशी कळत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो.

सेट असा होता. विक्रेता लिथुआनियातला, साइटवर लिहिलेलं "अस्सल बाल्टिक अंबर, आत कीटक, पॉलिश केलेले सहा तुकडे", किंमत आपल्या पैशात ५,४०० रुपये, पोस्टेज वेगळं, कस्टमचे वेगळे भरले. तुकडे लहान आहेत, सगळ्यात मोठा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा, सगळ्यात लहान हरभऱ्याच्या डाळीपेक्षा थोडा मोठा. प्रत्येक तुकडा वेगळ्या झिपच्या पिशवीत, पिशव्या पत्र्याच्या डबीत, डबीत कापूस ठासून भरलेला. पॅकिंगला पूर्ण मार्क, एकावरही ओरखडा नव्हता, आणि अंबर किती मऊ असतो ते माहीत असेल तर ही साधी गोष्ट नाही हे कळेल, नाणं घासलं तरी त्याच्यावर चरा पडतो.

आता खटकलेली गोष्ट. सहाही पिशव्यांत एकच छापील कार्ड. "बाल्टिक अंबर. वय ४ कोटी वर्षे. आत: कीटक." एवढंच. कुठला कीटक, तुकडा कुठून आला, कुणी कधी काढला, काही नाही.

हे मला एवढं का लागलं ते सांगते. मी साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडे ट्यूबवर नाव आणि वेळ नसेल तर ते रक्त कितीही नीट काढलेलं असो आम्ही ते तपासणीला लावत नाही, पेशंटला परत टोचावं लागलं तरी चालेल, कारण नाव नसलेलं रक्त म्हणजे नुसतं रक्त, त्यावरून कुणाबद्दल काहीच सांगता येत नाही. घरच्या संग्रहात पण मी तोच नियम धरलाय. गेली नऊ वर्षं मी गच्चीवरच्या ट्यूबलाइटखाली सकाळी मरून पडलेले किडे गोळा करते, जिवंत पकडत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काही फुलपाखरं आणि भुंगेरे पण आहेत, त्यामुळे जंगलात जाळी घेऊन फिरायचं कुणी मनात आणू नका. माझ्याकडे जास्त करून हुमणीचे भुंगेरे. ऊसवाल्या घरातले लोक ओळखतील, वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुलिंबावर बाभळीवर जाऊन बसतात.

माझी पहिली पेटी म्युझियम बीटलने खाल्ली. बारीक ठिपक्यांचा गोल भुंगेरा असतो, मसुराच्या अर्ध्या दाण्याएवढा, त्याच्या केसाळ अळ्या वाळलेले किडे आतून पोखरतात. दिवाळीत पेटी उघडली तर चाळीस-एक टाचण्या उभ्या, त्यांच्यावर एखादा पंख नाहीतर पाय, आणि खाली तपकिरी भुगा. रडू आलं होतं अगदी. पण टाचण्यांना लावलेल्या चिठ्ठ्या शाबूत होत्या. त्या चिठ्ठ्यांवरून आजही मला सांगता येतं की २०१७ मध्ये आमच्या गच्चीवर पहिला भुंगेरा कुठल्या तारखेला आला, २०१८ मध्ये कधी, आणि त्या दिवशी पाऊस होता का. किडे गेले, माहिती राहिली. आणि त्याच कपाटात एका मैत्रिणीने हौसेने आणून दिलेलं एक सुंदर निळं फुलपाखरू फ्रेममध्ये आहे, चिठ्ठी नाही, कुठलं कधीचं काही माहीत नाही, त्याचा मला भिंतीवर लावण्यापलीकडे काही उपयोग नाही. म्हणून कार्ड बघून पहिलं मनात आलं ते हेच, की आता चिठ्ठी मलाच तयार करावी लागणार, आणि तीही खोटं न लिहिता.

थोडं अंबरबद्दल, ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी. सगळीकडे "झाडाचा डिंक गोठून झालेला" असं लिहिलेलं असतं ते बरोबर नाही. डिंक पाण्यात विरघळतो, लाडवात घालतो तो. अंबर ही राळ. झाडाला जखम झाली की पाझरते, चिकट असते, किडा अडकतो, वरून अजून थर येतो, मग ती जमिनीत गाडली जाते आणि लाखो करोडो वर्षांत कडक होत जाते. बाल्टिक अंबर साधारण साडेतीन ते पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचं. त्यामुळे "यातल्या डासातून डायनासोर बनवता येईल का" हे जे मला प्रत्येक पाहुणा विचारतो त्याचं उत्तर असं की डायनासोर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच संपलेले, हा किडा त्यांच्या खूप नंतरचा, आणि एवढ्या जुन्या अंबरातून डीएनए मिळालेला नाही. आपल्याकडेही अंबर आहे बरं का. गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सापडलं, त्याला खंबातचं अंबर म्हणतात, पाच कोटी वर्षांच्या आसपासचं, आणि ते सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांचं आहे, म्हणजे ज्या कुळातली राळ आपण आजही धुपात घालतो तेच कुळ. २०१० मध्ये त्यातल्या किड्यांवर मोठा शोधनिबंध आला तेव्हा मी तो प्रिंट काढून वाचलेला. त्यात असं निघालं की भारताचा भूभाग एकटाच समुद्रातून सरकत आला तरी इथले किडे काही अगदी वेगळे एकलकोंडे नव्हते, युरोप आणि आशियातल्या किड्यांशी त्यांचं नातं लागतं. वस्तानचा तुकडा विकत मिळावा अशी माझी इच्छा पण नाही, तो अभ्यासकांकडेच असावा.

तर तपासणी. पहिली मिठाच्या पाण्याची, सगळ्यात सोपी. पाव लिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवायचं आणि तुकडा सोडायचा. अंबर तरंगतो, बेकेलाइट, पॉलिस्टर रेझिन, अॅक्रिलिक वगैरे बुडतं. सहाच्या सहा तरंगले. नंतर गोड्या पाण्याने धुवून मऊ फडक्याने लगेच पुसायचे, मीठ वाळू द्यायचं नाही. दुसरी यूव्ही टॉर्चची, ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घेतलाय मी, साध्या जांभळ्या टॉर्चचा उजेड इतका असतो की काही कळत नाही. अंधाऱ्या खोलीत सहाही तुकडे दुधाळ निळसर चमकले. एवढ्यावर बरेच लोक थांबतात आणि "ओरिजिनल आहे" म्हणून लिहून टाकतात.

तिसरी सोनाराकडे. आमच्या पेठेतल्या सोनारकाकांचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. मी डबी उघडून ठेवली तर त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, अंगातल्या लोकरीच्या जाकिटावर चार वेळा घासला आणि काउंटरवर पावतीचा कोपरा बारीक फाडून त्याच्याजवळ नेला. कागदाचा कपटा उडून तुकड्याला चिकटला.

"कहरुबा आहे ताई. माझ्या आजोबांकडं याचे मणी असायचे. तृणमणी म्हणायचे ते, गवताची काडी ओढतो म्हणून."

"प्लास्टिकचा कंगवा पण ओढतो ना काका."

"ओढतो की. म्हणून तर वजन करून बघायचं. पाण्यात धरायचंय ना? दोऱ्यानं बांधा, तळाला टेकू देऊ नका."

मी काही समजावून सांगायच्या आत त्यांनी पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून शून्य केलं पण. सोन्याचा कस बघायला पण हीच रीत वापरतात म्हणाले. तुकडा हवेत १.६२ ग्रॅम. दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरल्यावर काट्याने दाखवलं १.५१, म्हणजे तेवढं पाणी त्याने बाजूला सारलं. १.६२ ला १.५१ ने भागलं की १.०७. बाल्टिक अंबरची घनता १.०५ ते १.१० मध्ये असते, म्हणजे बसलं. मग मी पर्समधून ते जुनं पेंडंट काढलं, तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर "अंबर" म्हणून घेतलेलं, आत हिरवा चमकता भुंगेरा पाय पसरून एकदम मधोमध. ते भरलं ८.४० आणि पाण्यात ६.९५, म्हणजे १.२१. रेझिन. काकांनी ते परत माझ्या हातात देताना काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली. अशी पेंडंट आणि कीचेन शेकड्यांनी विकली जातात, आणि ओळखायची सोपी खूण म्हणजे किडा फार मोठा, फार रंगीत आणि फोटोला बसवल्यासारखा मधोमध असतो. खऱ्या अंबरातले बहुतेक किडे दोन-चार मिलिमीटरचे, वेडेवाकडे पडलेले, एखादा पाय तुटलेला असे असतात, कारण ते त्या चिकटात धडपडून मेलेत.

चौथी तपासणी अॅसिटोनची, आणि इथे सेटचा खरा निकाल लागला. कोपल म्हणून एक प्रकार असतो, ती पण राळच, झाडाचीच, पण वयाने अगदी कोवळी, काहीशे ते काही हजार वर्षांची. मिठाच्या पाण्यात तरंगते, यूव्हीखाली चमकते, घनता पण अंबरसारखीच, घासली की कागद ओढते. म्हणजे वरच्या तिन्ही परीक्षांत ती पास. पण अॅसिटोनचा थेंब टाकला की मिनिटभरात चिकट होते. किड्यापासून लांब, कडेला, टूथपिकच्या टोकाने थेंब लावायचा, मिनिटभर थांबायचं, मग बोटाने हलकं दाबायचं. पाच तुकड्यांवर काही झालं नाही. सहाव्यावर माझ्या बोटाचा ठसा उमटला.

हा सहावा तुकडा बघितल्यापासूनच मला वेगळा वाटत होता. बाकीचे मधाच्या रंगाचे, हा फिकट लिंबाच्या सरबतासारखा. आत पंखवाल्या वाळव्या, तीन पूर्ण आणि एकीचे नुसते पंख, पहिल्या पावसानंतर आपल्या दिव्याभोवती येतात ना तशा, पंख पसरलेले, इतक्या स्वच्छ की पंखावरची एकेक शीर मोजता येते. सेटमधला सगळ्यात देखणा तुकडा हाच होता आणि घरातल्या सगळ्यांनी हाच उचलून धरला होता.

विक्रेत्याला लिहिलं. पहिलं उत्तर आलं की अंबर वेगवेगळ्या रंगाचा असतो, काळजी करू नका. मग मी अॅसिटोनचा व्हिडिओ पाठवला, शेजारी दुसरा तुकडा ठेवून, दोन्हीवर एकाच वेळी थेंब. दोन दिवसांनी उत्तर, चूक मान्य, माल ठोक घेतो त्यात मिसळला असेल, एका तुकड्याचे ९०० रुपये परत, तुकडा पण तुमच्याकडेच ठेवा. पैसे आठवड्यात आले. हे वागणं चांगलं आहे आणि मी ते मोकळेपणाने लिहितेय. पण साइटवर "प्रत्येक नग तपासलेला" असं लिहिलंय, ते त्यांनी काढावं नाहीतर खरंच तपासावं, मिनिटाचं काम आहे.

आणि फसण्याचं कुणी मनाला फार लावून घेऊ नका. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये बाल्टिक अंबरातली एक माशी होती, लोव्ह नावाच्या जर्मन कीटकतज्ज्ञाच्या संग्रहातून १९२२ मध्ये घेतलेली. विली हेनिग म्हणजे या विषयातला केवढा मोठा माणूस, १९६६ मध्ये त्यांनी ती तपासली आणि खरी धरली, आजची एक जात कोट्यवधी वर्षं जशीच्या तशी राहिली याचा पुरावा म्हणून. १९९३ मध्ये म्युझियममधले अँड्र्यू रॉस ती बघत असताना दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती भेग दिसायला लागली. कुणीतरी अंबर मधोमध कापून, आत खड्डा कोरून, साधी हल्लीची माशी बसवून परत जोडून टाकलेला. सत्तर वर्षं ती तिथं होती. त्यामुळे आपण जोड बघायचाच, तुकडा कडेने फिरवून भिंगाखाली, कुठे सरळ रेष किंवा एका पातळीत बसलेले बुडबुडे दिसतायत का.

आता उरलेले पाच, आणि यासाठी पैसे वसूल. लॅबच्या सरांना विचारून संध्याकाळी काम संपल्यावर जुना मायक्रोस्कोप वापरला, सगळ्यात कमी पॉवरची लेन्स. एक युक्ती सांगते, अंबरचा पृष्ठभाग गोलसर असतो म्हणून आतलं वाकडं दिसतं, तर वर ग्लिसरीनचा एक थेंब टाकायचा आणि त्यावर कव्हर स्लिप, जशी आपण स्लाइडवर ठेवतो तशी. एकदम खिडकी उघडल्यासारखं दिसतं. बघून झालं की ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं.

अं-१४ (अं म्हणजे अंबर, हा माझ्या रजिस्टरातला नंबर). साइटवरच्या फोटोखाली "डास" लिहिलेलं. डास नाहीये. बाल्टिक अंबरात खरे डास दुर्मिळ आहेत, हा मिज आहे, डासाच्या लांबच्या नात्यातला, न चावणारा, लांब सोंडच नाही. पण मिशा! दोन्ही मिशा पिसासारख्या फुललेल्या, म्हणजे नर. नरांना माद्यांच्या पंखांचा आवाज त्या मिशांनी टिपायचा असतो. एका मिशीचे केस राळेत वाहत गेल्यासारखे एका बाजूला वळलेत, म्हणजे राळ कुठल्या दिशेने ओघळत होती ते दिसतं. मी त्या एका मिशीकडे किती वेळ बघत बसले मला माहीत नाही, घरून फोन आला तेव्हा साडेआठ वाजलेले.

अं-१५ लांब पायांची माशी, पोटाच्या एका बाजूला पांढरी साय आल्यासारखी. नवख्या माणसाला हा दोष वाटतो, बुरशी वाटते. उलट ही चांगली खूण आहे, किडा कुजताना जे द्रव सुटतात त्याचे अतिशय बारीक बुडबुडे राळेत अडकून ती साय तयार होते आणि बाल्टिक अंबरात हे खूप दिसतं. अं-१६ मुंगी, कामकरी, एक पाय तुटून शेजारी पडलाय. अं-१७ कोळ्याचं पिल्लू, आणि इथे मी खरंच चिडले, कारण पॉलिश करताना कारागिराने दोन पाय घासून टाकलेत, पृष्ठभागावर त्यांची नुसती काळी टिंबं दिसतात. अर्धा मिलिमीटर आधी थांबला असता तर पूर्ण कोळी मिळाला असता. एवढे कोट वर्षं टिकलेले पाय.

अं-१८ मध्ये अर्धवट कापली गेलेली एक बुरशीमाशी आहे आणि तिच्यामुळे मी तो कमी प्रतीचा म्हणून बाजूला ठेवलेला. माझी भाची सहावीत आहे, सुट्टीत आलेली, ती भिंग लावून बसली आणि म्हणाली, "मावशी, यात चांदण्या आहेत." मला वाटलं कचरा असेल. बघितलं तर खरंच, एका बिंदूतून सहा-सात किरण निघावेत तसे बारीक तपकिरी केस, तीन ठिकाणी. ओकच्या झाडाचे केस ते, कोवळ्या भागांवरून आणि कळ्यांवरून गळून हवेत उडायचे आणि राळेला चिकटायचे. बाल्टिक अंबरची ही इतकी नेहमीची खूण आहे की ती दिसली की जीव भांड्यात पडतो. कापलेल्या माशीचा तुकडा आता माझा सगळ्यात भरवशाचा तुकडा आहे, आणि रजिस्टरात त्या चांदण्यांच्या नोंदीपुढे भाचीचं नाव आहे, कारण पहिल्यांदा तिने बघितल्या.

आता नोंदीबद्दल, कारण हा सेट घेणाऱ्या बहुतेकांना पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. मी विक्रेत्याला परत विचारलं, माल नक्की कुठला. पहिल्यांदा "बाल्टिक समुद्र". परत विचारलं. मग सांगितलं की कच्चा माल पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलेला, त्याच्या पलीकडचं आमच्याकडे लिहिलेलं नाही. ठीक आहे. हे उत्तर मला "यांतार्नीच्या खाणीतला" अशा छातीठोक उत्तरापेक्षा जास्त आवडलं. यांतार्नी हे रशियातल्या कालिनिनग्राडजवळचं गाव, जगातली सगळ्यात मोठी अंबरची खाण तिथं आहे, निळ्या मातीच्या थरातून काढतात. पण युक्रेनमध्ये रिव्नेचं अंबर असतं, जर्मनीत बिटरफेल्डचं असतं, दिसायला सगळं सारखंच, अभ्यासक मात्र तिन्हीची नोंद वेगवेगळी ठेवतात, कुठला किडा कुठे होता हे त्यावरच ठरतं. म्हणून माझ्या चिठ्ठीवर काय लिहिलंय बघा: "बाल्टिक अंबर, विक्रेत्याच्या सांगण्यानुसार. कच्चा माल ग्दान्स्कच्या घाऊक व्यापाऱ्याकडून. खाण किंवा किनारा: माहीत नाही." माहीत नाही असं लिहायला जड जातं हे मला मान्य आहे, रिकामी जागा बघवत नाही, हात वळवळतो. पण एकदा अंदाज शाईने लिहिला की वीस वर्षांनी तो अंदाज होता हे आपल्यालाही आठवणार नाही.

माझं रजिस्टर म्हणजे साधं २०० पानी बांधीव बुक, सुट्या पानांचं घेऊ नका, आणि त्याचीच कॉपी गूगल शीटमध्ये. आधी नंबर बुकात पडतो, मग चिठ्ठीवर, मग तुकडा पिशवीत जातो, हा क्रम मोडायचा नाही. नंबर, मिळाल्याची तारीख, कुणाकडून, किती रुपये, ठिकाण विक्रेत्याच्या शब्दांत जसंच्या तसं, वजन, माप, केलेल्या तपासण्या आणि निकाल, आत काय दिसतं, ओळख कुणी आणि कशावरून केली, फोटोचा नंबर. ओळखीची चिठ्ठी वेगळी, ठिकाणाची वेगळी. ठिकाण बदलत नाही, ओळख मात्र बदलू शकते, उद्या कुणी जाणकार म्हणाला हा मिज नाही तर जुनी चिठ्ठी काढायची नाही, तिच्याखाली नवी ठेवायची. मी अं-१४ ला "मिज, नर" एवढंच लिहिलंय, जातीचं नाव शोधून डकवलेलं नाही, तेवढी माझी तयारी नाही. तारखेला जगभरचे कीटकवाले महिना रोमन आकड्यात लिहितात म्हणजे ५-६ म्हणजे पाच जून की सहा मे हा घोळ होत नाही, मी सरळ अक्षरात "जून" लिहिते. शाई पाण्याने न पसरणारी हवी, जेल पेन पावसाळ्यात दगा देतं, माझी २०१९ ची अर्धी चिठ्ठ्यांची रांग निळी झालेली आहे.

ठेवायचं कुठे तर अंधारात आणि थंड जागी. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवला की अंबर हळूहळू काळपटतो आणि वरून बारीक तडे जातात. अत्तर, सॅनिटायझर, स्पिरिट लांब. दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर अजिबात नको. किड्यांच्या पेट्यांत मी डांबरगोळ्या आणि नव्या पेट्यांना आधी आठवडाभर डीप फ्रीजर असं करते, पण अंबरची डबी त्या कपाटात ठेवत नाही, ती वेगळ्या ड्रॉवरमध्ये, सिलिका जेलची एक पुडी आणि बस.

ब्रह्मदेशाच्या अंबरबद्दल दोघातिघांनी विचारलं, हाच विक्रेता ते पण विकतो. काचिनमधल्या हुकाँग खोऱ्यातलं, ९ कोटी ९० लाख वर्षांचं, डायनासोरच्या काळातलं, आतले किडे एकापेक्षा एक. मी घेत नाही. तिथं लढाई चाललीय आणि अंबरच्या पैशाचा तिच्याशी संबंध लागतो, २०२० मध्ये जीवाश्म अभ्यासकांच्या एका मोठ्या संघटनेने जर्नल्सना पत्र लिहून नव्याने बाहेर आलेल्या तुकड्यांवर निबंध घेऊ नका म्हणून सांगितलेलं. बाल्टिकमध्ये बघायला जन्म पुरणार नाही एवढं आहे.

तर मार्क. पॅकिंग ५, पाच अस्सल तुकड्यांचा दर्जा ४, पॉलिशचं काम ३ कोळ्यामुळे, तक्रारीला उत्तर ४, लेबल १. घ्यायचा असेल तर घ्या, पण एकत्र सेट घेण्यापेक्षा एकेक तुकडा फोटो बघून निवडून घ्या, आणि घ्यायच्या आधी दोन प्रश्न लिहून विचारा, अॅसिटोनची तपासणी केली का आणि कच्चा माल कुठून आला. उत्तर आलं की त्याचा स्क्रीनशॉट बिलाबरोबर ठेवा, पुढे तीच तुमची चिठ्ठी.

अं-१९ चा नंबर मी खोडलेला नाही. बरेच जण खोटं निघालं की पान फाडतात किंवा तो नंबर पुढच्या वस्तूला देतात, तसं करू नका. नोंद अशी आहे: "अं-१९. बाल्टिक अंबर म्हणून विकत घेतला. अॅसिटोनला चिकट, कोपल. मूळ ठिकाण माहीत नाही. आत पंखवाल्या वाळव्या, तीन पूर्ण. पैसे परत मिळाले, तुकडा माझ्याकडे." आणि कोपल असला म्हणून वाळव्यांचं देखणेपण काही कमी होत नाही, भाचीने तो तुकडा मागितलाय, मी तिला सांगितलंय की घेऊन जा पण चिठ्ठीसकट. विक्रेत्यालाही कालच लिहिलंय की पुढच्या ऑर्डरला प्रत्येक पिशवीत हाताने लिहिलेली वेगळी चिठ्ठी टाकाल का, कुणाकडून आणि कधी घेतलेला माल एवढं जरी लिहिलं तरी मी तुकड्यामागे शंभर रुपये जास्त द्यायला तयार आहे. हो म्हणाले तर दिवाळीला अजून चार घेणार आहे, त्यात एक मुंगी नक्की.